विजय कोणाच्या नांवावर?

१९५९ सालच्या मे महिन्याची २६ तारीख. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं रात्रीच्या दिव्यांच्या झगझगीत प्रकाशांत बेसबॉलचा एक सामना चालला होता. पाहुणा संघ पिट्सबर्गचा. आणि त्याच्या वतीनें चेंडू फेकण्यास उभा होता हार्वे हॅडिक्स नांवाचा एक लहानखुरा, डावखोरा खेळाडू. प्रकृति बरी नव्हती; पडशानें तो हैराण झाला होता. समोर मिल्वॉकीचा संघ म्हणजे कांहीं ऐरागैरा संघ नव्हे. हँक ॲरन व एडी मॅथ्यूज यांच्यासारखे नामांकित फलंदाज त्यांत होते. बेसबॉलमध्यें प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात, आणि एका डावांत तीन गडी बाद झाले कीं पाळी फिरते. हॅडिक्सनें पहिल्या डावांत तिघे बाद केले, दुसऱ्यांत तिघे, तिसऱ्यांत तिघे. नववा डाव संपला तेव्हां सत्तावीस गडी आले होते आणि सत्तावीसच्या सत्तावीस परत गेले होते. त्यांपैकीं एकालाहि पहिल्या बेसवर पाऊल ठेवतां आलें नव्हतें. असा निर्दोष सामना फेकणारा पुरुष या खेळाच्या इतिहासांत बोटांवर मोजण्याइतकाच सांपडतो.

परंतु सामना संपला नव्हता! मिल्वॉकीच्या वतीनें चेंडू फेकणाऱ्या ल्यू बर्डेट याला पिट्सबर्गचे फलंदाज फटके मारीत होते, बेसवर पोंचत होते, आणि तेथेंच अडकून पडत होते. धाव कांहीं निघेना. दोन्ही बाजूंस शून्य. म्हणून खेळ पुढें चालू राहिला. दहावा डाव झाला, अकरावा झाला, बारावा झाला. हॅडिक्सनें ओळीनें छत्तीस गडी माघारी पाठविले. तेराव्या डावांत पिट्सबर्गच्या क्षेत्ररक्षकानें चेंडू पहिल्या बेसकडे नीट फेकला नाहीं, आणि त्या चुकीमुळें मिल्वॉकीचा पहिला गडी बेसवर पोंचला. मॅथ्यूजनें स्वतःचा बळी देऊन त्याला दुसऱ्या बेसपर्यंत नेलें. ॲरनला मुद्दामच न खेळवितां पहिला बेस देण्यांत आला. आणि मग जो ॲडकॉक नांवाच्या फलंदाजानें चेंडू कुंपणापलीकडे भिरकावून दिला. धांवतांना गोंधळ होऊन ॲडकॉक पुढच्या ॲरनच्याहि पुढें गेला, म्हणून नियमाप्रमाणें एकच धाव धरण्यांत आली. मिल्वॉकी एक, पिट्सबर्ग शून्य.

दुसऱ्या दिवशीं नोंदवहींत जें लिहिलें गेलें तें असें: बर्डेट, विजयी, हॅडिक्स, पराभूत. बर्डेटनें त्या रात्रीं पिट्सबर्गला बारा सुरक्षित फटके मारूं दिले होते. हॅडिक्सनें तेरा डावांत अवघा एक. तरीहि जय बर्डेटचा आणि पराजय हॅडिक्सचा. नियमांत दुसरें कांहीं बसतच नव्हतें.

क्रिकेटची संवय असलेल्या कानांस ही नोंद चमत्कारिक वाटल्याखेरीज राहणार नाहीं. क्रिकेटच्या धावफलकावर गोलंदाजाचीं षट्‌कें लिहितात, त्यानें दिलेल्या धावा लिहितात, घेतलेले बळी लिहितात. पण सामन्याचा जय वा पराजय त्याच्या एकट्याच्या खात्यावर कोणी मांडीत नाहीं. १९५८ सालीं कानपूरच्या कसोटींत मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनीं वेस्ट इंडीजचे एका डावांत नऊ गडी १०२ धावांत टिपले, आणि तरीहि हिंदुस्थान २०३ धावांनीं हरला. बेसबॉलचा हिशेबनीस तेथें असता, तर तो पराजय कोणा एका गोलंदाजाच्या नांवें मांडल्याविना त्याला उठतां आलें नसतें! बेसबॉलमध्यें मात्र प्रत्येक सामन्याचा जय एका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, नांवें लिहावयाचा आणि पराजय प्रतिपक्षाच्या एका पिचरच्या नांवें लिहावयाचा, असा दंडक आहे. आठ क्षेत्ररक्षक झेल घेतात, नऊ फलंदाज धावा काढतात, आणि जमाखर्च मात्र एकाच माणसाच्या नांवें! शंभर वर्षांहून अधिक काळ पिचरची योग्यता प्रथम याच आंकड्यावरून ठरविली जात होती. हा दंडक आला कोठून, आणि त्याची किंमत कशी उतरत गेली, हा एक मनोरंजक इतिहास आहे.

गंमत अशी कीं, बेसबॉलच्या नोंदवहीचा जो आद्य प्रवर्तक, तो क्रिकेटच्याच देशांतला. हेन्‍री चॅडविक याचा जन्म १८२४ सालीं इंग्लंडांतील एक्झिटर येथें झाला. लहानपणींच तो आईबापांबरोबर अमेरिकेंत आला, व पुढें न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून क्रिकेटचे आणि मागाहून बेसबॉलचे वृत्तान्त लिहूं लागला. क्रिकेटच्या धावफलकाचा आदर्श डोळ्यांपुढें ठेवूनच त्यानें बेसबॉलच्या सामन्याचा सारांश एका लहानशा कोष्टकांत मांडण्याची पद्धति रूढ केली. खेळाडूच्या अंगचे गुण आंकड्यांनीं मोजतां येतात ही श्रद्धा अमेरिकेच्या मनांत रुजविण्याचें श्रेय बव्हंशीं त्याचेंच.

त्या आरंभीच्या काळांत पिचर हा आजच्यासारखा सामन्याचा नायक नव्हता. त्यानें हात खालून नेऊन चेंडू टाकावा, फलंदाजानें त्यावर फटका मारावा, आणि खरी झुंज क्षेत्ररक्षकांनीं खेळावी, अशी कल्पना होती. फार काय, चेंडू उंच हवा कीं खालचा हवा हें सांगण्याचा अधिकार फलंदाजास १८८७ पर्यंत होता. पण पिचर हा प्राणी मोठा हिकमती. त्यानें वेग वाढविला, चेंडूला वळण देण्याची कला साधली. आणि १८८४ सालीं नॅशनल लीगनें हात खांद्यावरून नेऊन चेंडू फेकण्याची मुभा दिली, तेव्हां सामन्याचीं सूत्रें उघडउघड त्याच्या हातीं आलीं. संघांत पिचर एक किंवा दोन. ज्यानें सामना सुरू करावयाचा त्यानेंच तो शेवटास न्यावयाचा. खेळ चालू असतां मनास येईल तेव्हां नवा गडी आणण्याचीहि त्या वेळीं सोय नव्हती. पिचर बदलावयाचा तर मैदानांत उभ्या असलेल्या दुसऱ्या गड्याशीं त्याची अदलाबदल करावी लागे. अशा स्थितींत संघाचा जय तो पिचरचा जय असें लोक समजूं लागले, यांत त्यांची फारशी चूक होती असें म्हणवत नाहीं.

याच १८८४ सालीं प्रॉव्हिडन्स नगराच्या संघांत चार्ल्स रॅडबॉर्न यानें जो पराक्रम केला, त्याला तोड नाहीं. संघाचे मुख्य पिचर दोन: रॅडबॉर्न आणि चार्ली स्वीनी. दोघांचें आपसांत पटत नसे. जुलै महिन्यांत एके दिवशीं स्वीनीस पिचरची जागा सोडून बाहेरच्या क्षेत्रांत जाण्यास सांगण्यांत आलें. तो रुसला, मैदान सोडून चालता झाला, आणि संघानें आठ गड्यांनिशीं उरलेला सामना खेळून तो गमावला. स्वीनीची हकालपट्टी झाली. संघ मोडतो कीं काय अशी वेळ आली, तेव्हां रॅडबॉर्ननें उरलेल्या हंगामाचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. दिवसाआड, कधीं रोजच्या रोज, तो फेकीत राहिला. सबंध हंगामांत त्यानें ७३ सामने सुरू केले आणि ७३ चेहि ७३ पुरे केले. एकूण ६७८ हून अधिक डाव फेकले. सकाळीं त्याला केस विंचरण्यापुरताहि हात वर उचलतां येत नसे, अशी आख्यायिका आहे. प्रॉव्हिडन्सनें त्या वर्षीं ८४ सामने जिंकून अजिंक्यपद मिळविलें.

त्या ८४ पैकीं रॅडबॉर्नचे किती? येथेंच घोडें अडतें! कांहीं ग्रंथ म्हणतात ५९, कांहीं म्हणतात ६०. वाद एका सामन्याचा. त्या सामन्यांत प्रॉव्हिडन्सच्या वतीनें आरंभ दुसऱ्याच एका पिचरनें केला. संघ आघाडीवर असतांना त्याची जागा रॅडबॉर्ननें घेतली आणि पुढें प्रतिपक्षास एकहि धाव काढूं दिली नाहीं. उत्तम कामगिरी रॅडबॉर्नची म्हणून तेव्हांच्या नोंदनिसानें जय त्याच्या पदरांत टाकला. पुढच्या काळांतील नियम लावला, तर तो जय पहिल्या पिचरचा ठरतो. म्हणजे बेसबॉलच्या इतिहासांतील सर्वांत मोठा विजयांक कोणता, हेंहि नोंदनिसाच्या मर्जीवर अवलंबून राहिलें. विजयाची गणना वस्तुनिष्ठ मानणारांनीं या एका सामन्याचा थोडा विचार करावयास हरकत नव्हती. पण तसा तो कोणी फारसा केल्याचें दिसत नाहीं.

विसावें शतक उजाडलें तेव्हां फेकण्याचें अंतर वाढून साठ फूट सहा इंच झालें होतें, पिचरांची संख्याहि वाढली होती. तरी मूळ रीत तीच होती. सुरू करील तो संपवील. १९०४ सालीं न्यूयॉर्कच्या जॅक चेस्ब्रोनें एका हंगामांत ४१ विजय मिळविले. हा आंकडा विसाव्या शतकांत कोणीहि ओलांडला नाहीं. परंतु त्याच चेस्ब्रोच्या हातून हंगामाच्या अखेरच्या दिवशीं, बोस्टनविरुद्ध नवव्या डावांत, एक चेंडू झेलणाऱ्याच्या आवांक्याबाहेर गेला. बोस्टनचा गडी धांवत घरीं आला आणि न्यूयॉर्कचें अजिंक्यपद हुकलें. त्यानंतर लोक चेस्ब्रोला ओळखीत ते त्या एका चेंडूवरून. जनतेची स्मरणशक्ति नोंदवहीच्या कोष्टकाप्रमाणें चालत नाहीं, हें यावरून दिसतें.

साय यंग याच काळांतला. १८९० पासून १९११ पर्यंत खेळून त्यानें ५११ विजय जोडले. पराजयहि तीनशेंच्या वर. एवढे सामने जिंकावयाचे तर तितके हरण्याइतका काळ मैदानांत टिकावें लागतें. आणि यंगच्या ५११ मध्यें खरी नवलाची गोष्ट म्हणजे त्याच्या दंडाचा चिवटपणा.

विजयाच्या आंकड्याविषयीं पहिली रोकडी शंका निर्माण झाली ती वॉल्टर जॉन्सनमुळें. कॅन्ससमध्यें जन्मलेला हा धिप्पाड, सौम्य वृत्तीचा पुरुष १९०७ पासून १९२७ पर्यंत एकाच संघांत राहिला, आणि तो संघ वॉशिंग्टनचा. त्याच्यासारखा वेगवान चेंडू त्या पिढीनें पाहिला नव्हता. प्रतिपक्षास संपूर्ण सामन्यांत शून्यावर ठेवण्याचा पराक्रम त्यानें ११० वेळां केला. तो उच्चांक अद्याप अबाधित आहे. पण वॉशिंग्टनचा संघ बहुतेक वर्षें दुबळा. १९१६ सालीं जॉन्सननें सुमारें ३७० डाव फेकले, आणि त्यांत एकाहि फलंदाजास घरापर्यंतचा फटका, म्हणजे होमरन, मारूं दिला नाहीं. त्या वर्षाचा त्याचा जमाखर्च काय? २५ विजय आणि २० पराजय! वीस सामने हरणारा पिचर म्हणून त्याला सामान्य ठरविण्याचें धाडस कोणीहि केलें नसतें. मग ज्या कोष्टकांत वीस पराजय त्याच्या नांवें पडतात, तें कोष्टक कशाचें मापन करतें, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

तो प्रश्न खेळाच्या चालकांच्याहि ध्यानांत आला होता. नॅशनल लीगचे चिटणीस जॉन हायडलर यांच्या पुढाकारानें १९१२ सालीं त्या लीगनें एक नवें माप अधिकृत केलें; दुसऱ्या वर्षीं अमेरिकन लीगनें तें उचललें. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळें निघालेल्या धावा वगळून, ज्या धावांस पिचर स्वतः जबाबदार आहे तेवढ्याच मोजावयाच्या, आणि नऊ डावांस त्या सरासरी किती पडतात तें काढावयाचें. याला मराठींत ‘पदरच्या धावांची सरासरी’ म्हटलें तर अर्थ नीट पोंचेल. ही संख्या जितकी लहान तितका पिचर श्रेष्ठ. आपल्या बाजूच्या फलंदाजांनीं दहा धावा काढल्या काय किंवा भोपळा फोडला नाहीं काय, या सरासरीला त्याचें सोयरसुतक नाहीं. १९१६ सालीं जॉन्सनची सरासरी १.९० होती. वीस पराजयांचें कोडें या एका संख्येनें सुटतें.

माप मिळालें, तरी मन जुन्या मापालाच चिकटून राहिलें. वीस विजय म्हणजे उत्तम हंगाम, तीनशें विजय म्हणजे अमरत्व, हें समीकरण पक्कें झालें होतें, आणि त्यासाठीं माणसें जिवाचें रान करीत. ग्रोव्हर अलेक्झांडरची हकीकत मोठी करुण आहे. ख्रिस्ती मॅथ्यूसनचे ३७२ विजय हा नॅशनल लीगचा उच्चांक समजला जात असे. उतारवयांत, व्यसनानें पोखरलेल्या शरीरानें अलेक्झांडर खेळत राहिला, आणि १९२९ सालीं त्यानें ३७३ वा विजय मिळविला. उच्चांक आपला झाला या समाधानांत तो निवृत्त झाला. पुढें १९४० नंतरच्या दशकांत जुन्या वह्या तपासतांना मॅथ्यूसनच्या नांवें एक विजय लिहावयाचा राहिल्याचें कोणाच्या तरी ध्यानांत आलें. मॅथ्यूसन १९२५ सालींच वारला होता. मृताच्या खात्यावर एक जमा झाला, आणि जिवंत अलेक्झांडरच्या हातांतला उच्चांक अर्धा झाला.

मध्यंतरीं खेळाची रीत बदलत होती. दमलेल्या पिचरला सातव्या-आठव्या डावांत बाहेर काढून ताज्या दमाचा माणूस आणण्याची पद्धति वाढली. आतां एका सामन्यांत एका बाजूनें दोन, तीन, चार पिचर फेकूं लागले. मग जय कोणाचा? इतके दिवस हा निर्णय प्रघातावर आणि नोंदनिसाच्या विवेकावर चालत होता. १९५० च्या नियमावलींत त्याला कायद्याचें रूप मिळालें: सामना सुरू करणाऱ्यानें निदान पांच डाव फेकले पाहिजेत आणि तो बाहेर पडतांना संघ आघाडीवर असून ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, तसें नसेल तर जय मागाहून आलेल्या पिचरचा. या पांच डावांच्या उंबरठ्याला केवढें महत्त्व आलें, तें अर्ली विनच्या प्रसंगावरून कळतें. २९९ विजयांवर अडकलेला हा त्रेचाळीस वर्षांचा खेळाडू १९६३ च्या जुलैंत क्लीव्हलंडकडून उभा राहिला, पांच डाव कसेबसे रेटले, आघाडी असतांना बाहेर आला, आणि पुढचे चार डाव दुसऱ्यानें राखलेली आघाडी पहात बसला. तीनशें पुरे झाले. त्यानंतर त्याला एकहि विजय मिळाला नाहीं.

कायद्यानें मर्जी गेली, पण विसंगति गेली नाहीं. उलट ती वाढली. आतां पुन्हां १९५९ च्या पिट्सबर्गकडे वळूं. हॅडिक्स ज्या संघांत होता, त्याच संघांत त्याच वर्षीं एल्‌रॉय फेस हा मागाहून येणारा पिचर होता. त्या हंगामांत फेसचा जमाखर्च १८ विजय आणि १ पराजय! कागदावर पाहिलें तर असा पिचर भूतलावर झाला नाहीं. शिकागोचे एक वृत्तपत्रलेखक जेरोम होल्ट्झमन यांनीं मात्र बारकाईनें पाहिलें, तेव्हां त्यांना आढळलें कीं, कित्येकदां फेस आला तेव्हां संघ आघाडीवर होता. फेसनेंच ती आघाडी घालविली. आणि मग त्याच्या फलंदाजांनीं पुन्हां धावा काढून सामना जिंकल्यामुळें जय फेसच्याच नांवें पडला. घराला आग लावणारानेंच विझविल्याचें बक्षीस घ्यावें, तशांतलाच हा प्रकार. फेस हा कसबी खेळाडू होता, यांत संशय नाहीं. पण १८ हा आंकडा त्याच्या कसबाचा साक्षीदार नव्हे. होल्ट्झमन यांनीं आघाडी सुखरूप राखणाऱ्या पिचरसाठीं ‘सेव्ह’ नांवाची वेगळी नोंद सुचविली, व १९६९ सालीं ती अधिकृत झाली. एकाच संघांत, एकाच उन्हाळ्यांत, बारा डाव निर्दोष फेकणारा हरतो आणि आघाडी घालविणारा जिंकतो. विजयांकाविषयीं याहून मार्मिक भाष्य कोणी रचून सांगितलें असतें, तर तें खरें वाटलें नसतें.

तथापि दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. १९७२ सालीं फिलाडेल्फियाचा संघ अगदीं तळाशीं होता. सबंध हंगामांत त्यानें ५९ सामने जिंकले आणि ९७ गमावले. त्या ५९ पैकीं २७ विजय एकट्या स्टीव्ह कार्लटनचे! त्यानें ४१ सामने सुरू केले, त्यांतले ३० स्वतः पुरे केले, आणि त्याची सरासरी १.९७ पडली. दुबळ्या संघांतहि थोर पिचर जिंकूं शकतो, खरा मर्द परिस्थितीची सबब सांगत नाहीं, असें म्हणणारांना हा दाखला कायमचा मिळाला. दाखला भरभक्कम आहे. पण त्यांत कार्लटनचे ते ३० पुरे सामने विसरून चालणार नाहीं: जो स्वतःच शेवटचा चेंडू फेकतो, त्याच्या विजयावर परक्या हाताचा डाग कमी पडतो. आणि याच्या उलट दाखला पंधरा वर्षांनीं घडला. १९८७ सालीं ह्यूस्टनच्या नोलन रायनची सरासरी २.७६, म्हणजे नॅशनल लीगमध्यें सर्वांत उत्तम. त्यानें २७० फलंदाजांना चेंडू लागूंहि न देतां किंवा नुसते उभे ठेवून बाद केलें, तेंहि सर्वांत अधिक. त्याचा जमाखर्च ८ विजय, १६ पराजय. रायन त्या वर्षीं मर्द नव्हता, असें कोण म्हणेल?

दुसरा युक्तिवाद असा करीत कीं, चतुर पिचर धावफलकाकडे पाहून फेकतो. आघाडी मोठी असेल तर तो सैल सोडतो, सामना अटीतटीचा असेल तर कमर कसतो, म्हणून त्याची सरासरी फसवी आणि विजयांक खरा. डेट्रॉइटच्या जॅक मॉरिसविषयीं हें हटकून सांगत. त्याचे विजय २५४, सरासरी ३.९०, आणि १९९१ च्या जागतिक मालिकेंतील निर्णायक सामन्यांत मिनेसोटाकडून त्यानें दहा डाव प्रतिपक्षास शून्यावर ठेवलें, तें ज्यांनीं पाहिलें ते विसरणार नाहींत. परंतु पुढें अभ्यासकांनीं मॉरिसचे सामने एकेक करून, डावागणिक तपासले, तेव्हां धावफलकाप्रमाणें फेकण्याचा पुरावा कांहीं सांपडला नाहीं. त्याच्या पाठीशीं धावा काढणारे संघ होते, एवढेंच निष्पन्न झालें. त्याच पिढींतल्या बर्ट ब्लायलेव्हनचे विजय २८७, सरासरी ३.३१, तीनशेंस तेरा कमी पडले म्हणून त्याला कीर्तिमंदिराच्या दारांत चवदा वर्षें तिष्ठावें लागलें, आणि २०११ सालीं तें उघडलें.

तें दार उघडण्यास एक वैचारिक उलथापालथ कारण झाली होती. कॅन्ससमधील बिल जेम्स हा डबाबंद खाद्याच्या कारखान्यांत रात्रीचा पहारा करी, आणि पहारा करतां करतां आंकडे मांडी. १९७७ पासून त्यानें स्वतःच्या खर्चानें वार्षिक पुस्तिका काढल्या. संघाच्या कर्तृत्वांतून व्यक्तीचें कर्तृत्व निराळें कसें काढावें, हा त्याचा ध्यास. २००१ सालीं व्होरोस मॅक्रॅकन यानें तर त्याहून पुढें जाऊन दाखविलें कीं, फटका मारलेला चेंडू मैदानांत पडल्यावर तो झेलला जाईल कीं निसटेल, यावर पिचरचा ताबा समजतात त्याहून फारच थोडा असतो. म्हणजे विजयच काय, पदरच्या धावांची सरासरीहि पुरती पिचरच्या पदरची नव्हे! जुन्या जाणत्यांना हा मोठा धक्का होता.

मताचें हें परिवर्तन साय यंगच्या नांवें १९५६ पासून देण्यांत येणाऱ्या पारितोषिकांत स्वच्छ पाहतां येतें. हें पारितोषिक वृत्तपत्रलेखकांच्या मतांनीं दिलें जातें. पहिला मान डॉन न्यूकम्बला मिळाला तो २७ विजयांवर. १९९० सालीं ओकलंडच्या बॉब वेल्चचे २७ विजय, सरासरी २.९५, बोस्टनच्या रॉजर क्लेमेन्सचे २१ विजय, सरासरी १.९३. पारितोषिक वेल्चला. २००५ सालीं बार्टोलो कोलोनचे २१ विजय, सरासरी ३.४८, योहान सँटानाचे १६ विजय, सरासरी २.८७. पारितोषिक कोलोनला. मतदारांची नजर पहिल्या रकान्यापलीकडे जात नव्हती, असेंच म्हटलें पाहिजे.

मग २०१० साल आलें. सीॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझचा जमाखर्च १३ विजय, १२ पराजय, सरासरी २.२७. न्यूयॉर्कच्या सी. सी. सबॅथियाचे २१ विजय, ७ पराजय, सरासरी ३.१८. सीॲटलच्या फलंदाजांनीं त्या हंगामांतील १६२ सामन्यांत मिळून ५१३ धावा काढल्या; न्यूयॉर्कच्यांनीं ८५९. हे दोन आंकडे शेजारीं ठेवले कीं एकवीस आणि तेरा यांतलें अंतर कोठून आलें तें पोरालाहि कळावें. अठ्ठावीसपैकीं एकवीस मतदारांनीं हर्नांडेझला पहिलें स्थान दिलें. पूर्वीं असें घडलें असतें तर वर्तमानपत्रांतून रणकंदन माजलें असतें. या वेळीं कुरबूर झाली आणि विरून गेली.

२०१८ सालीं न्यूयॉर्क मेट्‌सच्या जेकब डिग्रॉमचे विजय फक्त दहा, पराजय नऊ. सरासरी १.७०. त्यानें ३२ सामने सुरू केले आणि त्यांपैकीं १८ त्याचा संघ हरला. तीसपैकीं एकोणतीस मतें त्याला पडलीं. आणि २०२५ सालीं पिट्सबर्गच्याच पॉल स्कीन्सला १० विजय व १० पराजय, सरासरी १.९७ अशा जमाखर्चावर तें पारितोषिक एकमतानें मिळालें. रॅडबॉर्नच्या काळच्या माणसाला हें सांगितलें असतें, तर त्यानें सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलें असतें.

म्हणून विजयांक अगदींच कुचकामाचा होता काय? तसें म्हणणें उतावीळपणाचें होईल. यंग, जॉन्सन, मॅथ्यूसन, अलेक्झांडर हे त्या यादीच्या शिरोभागीं आहेत, आणि दुसऱ्या कोणत्याहि मापानें ते तेथेंच राहतात. वीस वर्षांच्या मुदतींत नशिबाचे चढउतार बरेचसे सपाट होतात. एका हंगामांत मात्र ते तसे होत नाहींत. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, पिचर जोंपर्यंत सामना आरंभापासून अखेरपर्यंत वाहत होता, तोंपर्यंत विजयांक त्याच्या श्रमाचा पुष्कळसा खरा हिशेब देत होता. डिग्रॉमनें २०१८ सालीं ३२ पैकीं एकच सामना शेवटास नेला. माप तेंच राहिलें. ज्याचें मापन करावयाचें तें काम मात्र पार बदलून गेलें. कांहीं भाष्यकार हा रकाना वहींतून कायमचा खोडून टाकावा म्हणून मोहीम चालवितात. तो अद्याप खोडला गेलेला नाहीं. नोंदनीस आजहि प्रत्येक सामन्यानंतर एका नांवापुढें जय आणि एका नांवापुढें पराजय लिहितात, कारण नियमावलींत तसें सांगितलें आहे.

हार्वे हॅडिक्स १९९४ सालीं वारला. त्याच्या आधीं तीन वर्षें, १९९१ सालीं, बेसबॉलच्या अधिकाऱ्यांच्या एका समितीनें निर्दोष सामन्याची व्याख्या नव्यानें केली: ज्यांत अखेरपर्यंत एकहि फलंदाज बेसवर पोंचला नाहीं, असाच सामना यादींत राहील. तेराव्या डावांत एक गडी पोंचला होता. तेव्हां मिल्वॉकीची ती रात्र यादींतून गेली. १९५९ च्या हंगामांत हॅडिक्सच्या नांवें बारा विजय आणि बारा पराजय आहेत. ती रात्र आहे ती त्या दुसऱ्या बारांत.